पालखीच्या उंचीचा सूर

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावी सनई वाजवणाऱ्याने कसे उभे राहावे याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, आणि म्हणूनच ते मोडता येत नाहीत. लिहिलेल्या नियमांना निदान पोटकलमे असतात. दसऱ्याला देवीची पालखी निघते तेव्हा सनईवाले तिच्या पुढे चालतात, पण तोंड पालखीकडे करून, म्हणजे उलटे. देवीला पाठ दाखवायची नाही. आणि सनईचे पितळी तोंड पालखीच्या उंचीवर ठेवायचे, जमिनीकडे झुकू द्यायचे नाही. पायाखाली खड्डा येवो, शेण येवो, आडवे झोपलेले कुत्रे येवो, नजर आणि सनई वर. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, असे कित्येक वर्षे उलटे चालले. गावचा रस्ता ते पाठीने ओळखायचे.

त्यांच्या डाव्या हाताला त्यांचा चुलत भाऊ, आमचा काका, सूर धरून चालायचा. सूर धरणे म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न तोडता. त्याला कुणी दाद देत नाही. तो थांबला तरच लोकांना कळते की इतका वेळ तो होता. मला लहानपणापासून काकाची ती जागा हवी होती. आबांची नव्हे, ती मागण्याइतकी मी धीट नव्हते. मला फक्त त्यांच्या डाव्या हाताला उलटे चालत एक स्वर धरायचा होता.

अडचण एवढीच की मी मुलगी होते. बाईमाणसाने सनई तोंडाला लावायची नाही, हाही न लिहिलेला नियम. आमच्या भागातल्या बायकांनी गाणे गाऊन गावांची नावे मोठी केली, त्याचा देवस्थानाला अभिमानच होता, पण सनईचे तेवढे वेगळे. का, असे मी एकदा आबांना विचारले. त्यांनी पत्तीला दोरा गुंडाळता गुंडाळता सांगितले की त्यांनी ते कधी विचारले नव्हते. सनईच्या टोकाला जी दुहेरी पत्ती असते, जिच्यात फुंकायचे, ती ते घरीच तयार करायचे. मी समोर बसून बघायची. बघायला बंदी नव्हती.

सूर न तोडता धरायचा तर गालात हवा साठवायची आणि ती बाहेर ढकलता ढकलता नाकाने नवा श्वास आत ओढायचा. हे मी मागीलदारी पपईच्या पानाचा पोकळ दांडा तांब्यातल्या पाण्यात बुडवून शिकले. बुडबुडे थांबता कामा नयेत. आई म्हणायची, पाणी उकळायला चूल आहे. आबा विहिरीवर जाता येता बघायचे. एकदा फक्त त्यांनी तांब्याखाली एक पाट सरकवला, म्हणजे मला वाकावे लागू नये.

पदवी घेऊन मी साखळी गावातल्या एका बार्ज कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आमोण्याच्या धक्क्यावर लोहखनिज भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगावच्या बंदराकडे जायच्या आणि त्या गेल्या असे मी तीन प्रतींत टाइप करायची. आठवडाभर साखळीत भाड्याची खोली, शनिवारी अर्धा दिवस, रविवारी पेडणे. शनिवारच्या दुपारचे काय करायचे हा प्रश्न होता. पणजीत पाश्चात्त्य संगीताचा एक वर्ग चालतो असे कुणीतरी सांगितले. मी व्हायोलिनला नाव घालायला गेले. व्हायोलिनला पंचवीस जण होते, त्यातले निम्मे आईबापांनी धरून आणलेले. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितले आणि एक काळी पेटी उघडली. आत तीन तुकड्यांत काळे लाकूड, त्यावर चांदीसारख्या चाव्यांची गर्दी. ओबो, ते म्हणाले. हा कुणालाच नको असतो.

मला ती गर्दी बघून काहीच वाटले नाही. पण पेटीच्या कोपऱ्यात एका छोट्या डबीत पत्ती होती. दुहेरी, बोरूएवढ्या जाडीच्या नळीवर दोऱ्याने गुंडाळलेली. दोरा लाल होता, आमच्या घरी पांढरा असायचा. एवढाच फरक. मी म्हटले, मला हाच हवा.

शिक्षकांना सगळे मेस्त म्हणायचे. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात काढली होती, आणि ज्या गाण्यांत त्यांनी वाजवले होते ती सगळी त्यांना बेचव वाटायची. बार्देशातल्या आपल्या घरून ते बसने यायचे, सदऱ्याला इस्त्री, पायात चप्पल. पहिल्याच दिवशी मी ओबो तोंडाला लावला तेव्हा त्याचे तोंड थेट छताच्या पंख्याकडे गेले. मला ते कळलेही नाही. हात आपोआप तिकडे गेले. मेस्तांनी पंख्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

"बाये, वयर कोण बसला?"

वर कोण बसले आहे हे मी त्यांना सांगू शकले नसते. मी पालखीच्या उंचीवर ओबो धरला होता, पालखी नसताना.

त्यानंतरचे चार महिने मी काही वाजवले असे म्हणता येणार नाही. मी उभी राहायला शिकले. भिंतीला पाठ आणि डोक्याचा मागचा भाग टेकवायचा. मान खाली घालायची नाही, खांदे वर न्यायचे नाहीत, कोपरे अंगाला चिकटवायची नाहीत, पंख उघडायच्या आधी कोंबडी जेवढी उघडते तेवढी मोकळी ठेवायची. आधी स्वतः सरळ व्हायचे आणि मग ओबो तोंडापाशी आणायचा. मेस्त म्हणायचे, "वाद्य तुजेकडेन येवंक जाय. तूं ताचेकडेन वचूं नाका." बहुतेक लोक वाद्याला नमस्कार करायला जातात, मान पुढे काढून, आणि मग गळा आवळला की वाद्याला दोष देतात. ओबो अंगापासून साधारण पंचेचाळीस अंशांत उतरता हवा. त्याहून खाली गेला तर खालचा ओठ पत्ती चेपतो आणि आवाज नाकात बोलतो. त्याहून वर गेला तर ओठाचा आधार सुटतो, आवाज पसरतो आणि स्वर केसभर उतरतो. हे केसभर उतरणे मेस्तांच्या दृष्टीने पाप होते आणि मी ते दर शनिवारी करायची.

शेवटी त्यांनी चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक त्रिकोण केला. त्याची एक बाजू माझ्या पोटावर टेकवायची, दुसरीवर ओबो. पुठ्ठा पडला की मी चुकले. पुठ्ठा सारखा पडायचा. आणि मी सूर धरताना गाल फुगवले की ते विचारायचे, "गालांत उंडे कित्याक?" आमच्याकडच्या बेकरीतला गोल पाव म्हणजे उंडो. तो मी दोन्ही गालांत ठेवूनच वाढले होते.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून येत होती. पत्त्या लवकर खराब व्हायच्या आणि नव्या मिळवणे कठीण होते. एका शनिवारी मेस्तांची दोरा बांधतानाची धडपड बघवेना म्हणून मी ती हातातून घेतली आणि आबांच्या पद्धतीने बांधून दिली. मेस्तांनी ती वाजवून बघितली, चष्मा पुसला आणि विचारले की हे कुणाकडून शिकलीस. वडील सनई वाजवतात, मी म्हटले. त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले की हे पहिल्या दिवशी सांगितले असतेस तर त्यांनी पंख्याकडे बघितले नसते.

ती भाषेच्या भांडणाची वर्षे होती. मराठी की कोकणी यावरून रस्त्यावर झाडे आडवी पडायची, आणि बस जिथे थांबेल तिथे सगळे उतरून एकमेकांना आपापली बाजू समजावायचे, गंमत म्हणजे एकाच भाषेत. सलग तीन शनिवार मला पणजी गाठता आली नाही. गावचे देवस्थान मराठीवाले, मेस्त कोकणीवाले, आणि घरी आम्ही जे बोलायचो त्याला नाव काय द्यायचे हे ठरवायला बाहेर मोर्चे निघत होते. ऑफिसातल्या कोल्हापूरच्या फिटरला या कशातच रस नव्हता. त्याने माझी काळी पेटी उघडी बघून एवढेच विचारले, "आक्का, साप कुठं ठेवलाय?" मी त्याला म्हटले, साप रजेवर आहे. पुढची दोन वर्षे तो मला दर सोमवारी सापाची खुशाली विचारायचा.

घरी ओबो नेला तो पहिला रविवार मला आठवतो. आबांनी ओबोला हात लावला नाही. लांबून बघितला, डबीतली पत्ती उचलून दिव्याकडे धरावी तशी उजेडाकडे धरली, आणि परत ठेवली. मग पुठ्ठ्याच्या त्रिकोणाकडे बोट करून विचारले, "हें कित्याक?" मी पोटावर लावून दाखवले. ते हसले नाहीत. देवासमोरसुद्धा असेच धरतात का, त्यांनी विचारले. मी म्हटले, तिकडे देवासमोर खुर्चीत बसून वाजवतात. यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

ते सोप्यावर रियाजाला बसले की मी आतल्या खोलीत जायची. काका मुरगावला गोदीत कामाला, गावी फक्त सणाला यायचा, तेव्हा रियाज सुराशिवायच व्हायचा. एका रविवारी मी भिंतीच्या आतल्या बाजूने त्यांचा सा धरला. मेस्तांच्या कोनात, पाठ भिंतीला, पुठ्ठा पोटावर. जमेना. माझा सूर त्यांच्या सनईपेक्षा केसभर चढा होता. त्यांची सनई त्यांच्या वडिलांची, ती कुणाच्या मोजमापाला बांधलेली नव्हती. ओठांनी खूप खटपट केली, काही होईना. मग हात दमले आणि त्यांनी जुनी खोड केली: ओबो वर गेला, पालखीच्या उंचीवर. पुठ्ठा पडला. ओठाचा आधार सुटला, स्वर केसभर उतरला आणि बाहेरच्या सनईखाली जाऊन बसला, जणू तिथलाच होता.

आबा थांबले नाहीत. त्यांनी तो राग नेहमीपेक्षा लांबवला, जवळजवळ पाऊण तास. मी तेवढा वेळ तो एक स्वर गालांतल्या उंड्यांवर धरून ठेवला. बाहेर आले तेव्हा ते सनई पुसत होते. म्हणाले, जेवायला वाढायला सांग.

त्यानंतर रविवारचे ते तसेच चालू झाले. मी आत, ते बाहेर, मध्ये भिंत. आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नाही. मला वाटायचे की हे पुरे व्हायला हवे. ते पुरे होत नसे. दर दसऱ्याला मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून पालखी जवळ येताना बघायची: आबांची पाठ, काकाची पाठ, वर दोन सनया. काकाच्या पाठीवर घामाचा डाग पडायचा आणि मला त्या डागाचासुद्धा हेवा वाटायचा.

घटकराज्य झाले त्या वर्षी काकाचे दात गेले. दोन्हींचा तसा संबंध नाही, पण माझ्या आठवणीत ते एकत्रच आहेत. पुढचे सगळे दात काढून त्याने कवळी बसवली, आणि कवळीवर पत्ती धरता येत नाही. गणपतीला तो आला, सनई तोंडाला लावली, आणि तिच्यातून सायकलच्या चाकातून निघावी तशी हवा निघाली. तो स्वतःच हसला. आबा हसले नाहीत. सुराशिवाय त्यांना चालता येत नसे. सूर नसला तर सनई उघडी वाटते, ते म्हणायचे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंडाने विचारले. आबा, दसऱ्याला सूर मी धरू का? ते म्हणाले, आपण कमिटीला विचारू. आबांनी माझ्यासाठी कुणाला काही विचारायला जाणे हीच मला केवढी तरी गोष्ट वाटली.

देवस्थान कमिटीने विषय गांभीर्याने घेतला, म्हणजे चहा दोनदा मागवला. बाई, तेही विलायती वाद्य, तेही देवीपुढे, यावर कुणी वाईट बोलले नाही. सगळे माझ्या शिक्षणाचे कौतुक करत होते. अध्यक्ष म्हणाले की बॅटरीवर चालणारी सूरपेटी आता बाजारात मिळते, ती गळ्यात अडकवून कुणीही सनईवाल्याबरोबर चालेल. आबांनी विचारले, पेटी उलटी चालेल का? अध्यक्षांनी दुसरा चहा मागवला. पेटी मागवायचे ठरले. विलायती वाद्य चालणार नव्हते, बॅटरीचे चालणार होते.

पेटी यायच्या आधी तालुक्याला घटकराज्याचा गौरवसोहळा झाला. राज्य होऊन काही महिने लोटले होते, पण मंत्र्यांना आधीची तारीख मोकळी नव्हती. शाळेच्या मैदानावर मांडव, मखर, नव्या राज्याचा पुठ्ठ्याचा नकाशा, आणि मंगलवाद्य म्हणून आबा. सोहळ्याच्या समितीत आमचेच अध्यक्ष होते. सूर नाही म्हटल्यावर त्यांनीच सुचवले की तुमच्या मुलीला बरोबर आणा. आबांनी त्यांच्याकडे बघितले. अध्यक्ष म्हणाले, अहो, ते देवीपुढे. हा सरकारी कार्यक्रम. नवे राज्य, नवे वाद्य, मंत्र्यांना आवडेल.

अशी मी आबांच्या डाव्या हाताला उभी राहिले. मांडवाच्या दाराशी, काकाच्या जागेवर, जरीच्या साडीत. मंत्री दोन तास उशिरा आले. दूरवर मोटारींचा धुरळा दिसला आणि आबांनी सुरुवात केली. मी सूर धरला, आणि तो जुळावा म्हणून हात आपोआप वर गेले.

मोटार थांबली. मंत्री उतरले, हात जोडून आमच्याच दिशेने चालत यायला लागले. माझा ओबो बरोबर त्यांच्या हारांच्या उंचीवर होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की आबांची सनई तशी नाही. ती खाली होती. जन्मात मी ती तशी बघितली नव्हती: तोंड थेट जमिनीकडे, मांडवाच्या सतरंजीकडे, जणू मुंग्यांना ऐकवायची आहे. दोन फुंकरींच्या मध्ये त्यांनी पत्तीवरून ओठ काढले.

"खाली धर. हो देव न्हय."

हा देव नव्हे, खरेच; पण मी ओठांच्या कोपऱ्यातून म्हटले, "सूर सुटतलो, आबा."

"सुटूं दी."

हे ते बोलले यावर मला अजून कधीकधी मुद्दाम विश्वास ठेवावा लागतो. घरात भांडे पडले तर त्याचा स्वर काय होता हे सांगणारा माणूस. मी ओबो खाली आणला, मेस्तांच्या कोनात, पंचेचाळीस अंशांत, पुठ्ठ्याशिवाय पहिल्यांदाच इतका नेमका. सूर केसभर चढला आणि सनईपासून वेगळा झाला. मंत्र्यांना आत जायला, हार घालून घ्यायला आणि खुर्चीत बसायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही दोघे बेसूर वाजवत उभे होतो. मैदानावर हजार माणसे असतील. कुणाला काही कळले नाही. मंत्र्यांनी भाषणात मंगलवाद्यांच्या सुरेल परंपरेचा उल्लेख केला. पुढच्या शनिवारी मी मेस्तांना हे सांगितले, तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, तुझ्या बापाला माझा नमस्कार सांग, तो बरोबर होता आणि तुझा कोनही बरोबर होता.

सोहळ्याहून घरी येताना बसमध्ये मी आबांच्या शेजारी बसले होते. जी जागा मी इतकी वर्षे मागत होते ती मला मिळाली होती, आणि मंत्र्यासमोर. आबा खिडकीबाहेर बघत होते. पेडण्याच्या बाजारातून बस वळली तेव्हा ते म्हणाले, दसऱ्याला दोन दिवस रजा काढ. मी म्हटले, सूरपेटी येणार आहे ना. ते म्हणाले, पेटी पेटीच्या जागी.

दसऱ्याची पालखी वाटेवरच्या प्रत्येक घरी थांबते. घरची बाई देवीची ओटी भरते, आरती होते, पालखी पुढे निघते. पालखी ज्याच्या अंगणात, तेवढा वेळ सेवा त्या घराची. कुणी नारळ देतो, कुणी भजन म्हणतो, एका घरातला म्हातारा दर वर्षी देवीला नदीतल्या माशांची हकीकत सांगायचा. त्यात कमिटी बोलत नाही. हे मला माहीत होते, गावात सगळ्यांनाच माहीत होते, आणि तरी माझ्या डोक्यात ते कधी आले नव्हते.

दुपारी ओटीचे ताट आणायला मी सोप्यावर गेले. ताटाच्या शेजारी माझी काळी पेटी उघडून ठेवली होती. ओबोचे तिन्ही तुकडे जोडलेले. जोडताना वरचा तुकडा थोडा तिरका बसला होता, ज्याने कधी जोडला नाही अशा माणसाने जोडावा तसा. पत्ती एका वाटीत पाण्यात भिजत होती. मी आईकडे बघितले.

"तेणीं दवरलां," ती म्हणाली, म्हणजे आबांनीच ठेवला होता, आणि हळदीकुंकवाच्या वाट्या मोजू लागली.

वळणावरच्या वडापासून आवाज यायला लागला. ढोल, मग सनई, आणि तिच्याखाली सूरपेटीची एकसुरी भुणभुण, डबीत कोंडलेल्या माशीसारखी. मग आबांची पाठ दिसली. उलटे चालत ते आमच्या अंगणात शिरले, नेहमीसारखे, पाठीने तुळस चुकवून. पेटी गळ्यात अडकवलेला माणूस सरळ चालत होता. अंगणात पाय पडताच आबांनी वाजवता वाजवता कोपराने त्याला खूण केली. त्याने पेटी बंद केली.

सनई एकटी झाली. उघडी.

मी सोप्याच्या पायरीवर उभी होते. तिरका तुकडा सरळ केला, पत्ती लावली. पाठ भिंतीला नव्हती, पुठ्ठा नव्हता. पालखी समोर आली तशी मी ओबो वर नेला, तिच्या उंचीवर, आणि सा धरला. तो खाली आला आणि बसला. आबांच्या पाठीला कळले. खांदे थोडे सैल झाले, बाकी काही नाही. ते वळले नाहीत. वळता येतच नाही, समोर देवी असते.

आईने ओटी भरली, आरती झाली. भोयांनी पालखी उचलली आणि ती अंगणातून बाहेर निघाली. आबा अजून तिच्या पुढे उलटेच चालत होते, म्हणजे आता त्यांचे तोंड माझ्याकडे होते, आणि आमच्या मध्ये पालखी. सनई वर, नजर वर. ते देवीकडे बघत होते की तिच्यावरून माझ्याकडे, हे मला तेव्हाही कळले नाही, आणि नंतर विचारायला मी धजले नाही. ते नेहमीपेक्षा फार हळू चालत होते. मागचे लोक एकमेकांवर आपटायला लागले. पेटीवाला कळीवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत होता आणि ते त्याला खूण करत नव्हते. वडाच्या वळणाशी ते नाहीसे झाले. मी सूर सोडला नाही. पलीकडून सनई ऐकू येईनाशी झाली तरी थोडा वेळ धरला, कारण तिकडे कुठपर्यंत पोचतो हे मला माहीत नव्हते. मग ओठ गेले.

संध्याकाळी ते आले, पाय धुतले, सनई पुसली. जेवताना आईला म्हणाले की यंदा भात बरे आहे. मग माझ्याकडे न बघता, "वडामेरेन आयकूं येतालो." म्हणजे माझा सूर वडापर्यंत पोचला होता.

पुढची तीन वर्षे तसेच झाले. कमिटी काही बोलली नाही, आमचे अंगण होते. नंतर ऑफिसाने मला मुरगावला हलवले, मग लग्न झाले, सासर दूरचे, आणि दसऱ्याला त्यांच्याकडचीही देवी होती. मेस्त गेल्याचे मला दोन महिन्यांनी कळले. मी सासरी बंद खोलीत, पंचेचाळीस अंशांत, पुठ्ठ्यावर वाजवत राहिले. तिथे ओबो वर न्यायला काही कारण नव्हते. कधी नेऊन बघायची. स्वर केसभर उतरायचा आणि खाली कुणी नसायचे.

आबांनी त्यानंतर सहा दसरे वाजवले. मी त्यांतल्या एकालाही पोचू शकले नाही. दर वर्षी म्हणायची, यंदा येते. ते गेल्यावर दिवसकार्याला जमलेल्या बायकांत पेटी वाहणाऱ्या माणसाची बायको होती. बोलता बोलता तिने आईला विचारले, तुमच्या अंगणात दर वर्षी पेटी बंद का करायला लावायचे हो? आमचे हे म्हणायचे, शिरताना कोपराने खूण करणार, पेटी बंद. आणि मग वडाच्या वळणापर्यंत तसेच वाजवणार, सुराशिवाय, अगदी हळूहळू चालत. मागचे लोक वैतागायचे.

आई म्हणाली, त्यांना पेटी आवडत नसे.